सिमेंटच्या धुराड्यावर काल्फ-२० : एका पदार्थाची प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट

अमाइनचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या द्रावणाचा, ताजा नमुना काचेच्या बाटलीत धरला की पाण्यासारखा नितळ दिसतो. खताच्या कारखान्यात मी शिफ्ट इंजिनिअर होतो तेव्हा आमच्या नमुन्याचा रंग महिन्यागणिक बदलायचा. आधी फिकट पिवळा, दिवाळीपर्यंत कोऱ्या चहासारखा, आणि वार्षिक शटडाउन जवळ आलं की थेट काकवी. त्या विभागाचं काम एकच होतं : वायूतला कार्बन डायऑक्साइड धुऊन काढायचा, वाफेने अमाइनमधून पुन्हा मोकळा करायचा आणि युरियाच्या बाजूला पाठवायचा. पण रात्री तीन वाजता फोन यायचा तो बहुतेक वेळा याच विभागातून. टॉवरमध्ये फेस चढलाय, अँटिफोम टाकतोय. रीबॉयलरला वाफ कमी पडतेय. पाइपच्या एल्बोची जाडी पुन्हा घटलीय. लॉगबुकाची सर्वांत जास्त पानं अमाइनने खाल्ली असतील.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काल्फ-२० नावाच्या, कार्बन डायऑक्साइड धरणाऱ्या सच्छिद्र घनपदार्थावरचा शोधनिबंध आला. मी तो वाचायला घेतला तो या जुन्या सवयीने. किती वायू धरतो याचा आकडा मी ओलांडून गेलो आणि टिकाऊपणाच्या आकड्यावर थांबलो : वाफेच्या साडेचार लाखांहून अधिक फेऱ्या. वायू धरायचा आणि वाफेने सोडवायचा, ही एक फेरी. मिनिटाला एक फेरी धरली तरी ४,५०,००० फेऱ्या म्हणजे ३१२ दिवस, रात्रंदिवस. सच्छिद्र पदार्थांवरच्या निबंधांत दहा-वीस फेऱ्यांचा आलेख देऊन पुढे जायची पद्धत मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. इथे कुणीतरी कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न प्रयोगशाळेतच विचारून ठेवला होता. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यासाठी.

धुराड्यातून नेमकं काय बाहेर पडतं

सिमेंटची अडचण इंधनापुरती नाही. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू दगडातच होता. भट्टी कोळशावर चालवा, हायड्रोजनवर चालवा किंवा विजेवर, तो बाहेर पडणारच. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे, तयार करायला १,४५० अंशांपर्यंत जावं लागतं, त्यासाठी जाळलेल्या इंधनाचा वायू वेगळा. ढोबळ हिशोबाने सिमेंटच्या भट्टीतल्या वायूपैकी साठ टक्क्यांच्या आसपास दगडाचा आणि उरलेला इंधनाचा. त्यामुळे वीजनिर्मितीत ‘कोळसा बंद करा, सौर लावा’ म्हणता येतं, तसं सिमेंटला म्हणता येत नाही. एक तर सिमेंटची रचनाच बदला, नाही तर धुराड्याशी उभे राहून वायू पकडा.

पकडायला म्हणून गेलं की समोर येतं ते मिश्रण. बहुतांश नायट्रोजन, पाचवा हिस्सा किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे कार्बन डायऑक्साइड, थोडा ऑक्सिजन, गंधक आणि नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडं, बारीक धूळ, आणि भरपूर पाण्याची वाफ. या प्रकरणातला खरा खलनायक ही वाफ आहे. निबंधांच्या सारांशात मात्र ती बहुधा नसते, कारण प्रयोगशाळेत सिलिंडरमधून कोरडा वायू सोडून चाचणी करणं सोपं असतं.

अमाइनला या वाफेचं काही वाटत नाही, कारण ते स्वतःच पाण्यात विरघळवलेलं असतं. रॉबर्ट बॉटम्स यांचं पेटंट १९३० सालचं. म्हणजे तंत्र शंभरीला आलं आहे आणि आजही तेच चालतं. पण अमाइन कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक बंध करतं. नेहमीच्या मोनोइथेनॉलअमाइनला हा बंध तोडायला मोलमागे सुमारे ८५ किलोज्यूल लागतात. शिवाय द्रावणात ३० टक्के अमाइन आणि ७० टक्के पाणी, म्हणजे प्रत्येक फेरीत ते सगळं पाणी १२० अंशांपर्यंत तापवायचं आणि परत थंड करायचं. आमच्या प्लांटला दुसरीकडची वाफ हाताशी होती म्हणून ते परवडायचं. सिमेंटच्या कारखान्यात अशी वाफ नसते. तिच्यासाठी वेगळा बॉयलर बांधावा लागेल आणि त्या बॉयलरचं स्वतःचं धुराडं असेल.

दुसरा पर्याय झिओलाइटचा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत जिल्हा रुग्णालयांच्या आवारात पीएसए ऑक्सिजन प्लांट उभे राहिले, त्यांच्या टाक्यांत भरलेले पांढरे दाणे म्हणजे झिओलाइट. तिथे ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. कार्बन डायऑक्साइडही ते छान धरतात, पण पाणी दिसलं की सगळं सोडून पाण्याला चिकटतात. म्हणून पीएसए प्लांटमध्ये हवा आधी ड्रायरमधून येते. रुग्णालयापुरती हवा वाळवणं वेगळं आणि सिमेंटच्या धुराड्याचा सगळा धूर वाळवणं वेगळं. त्या वाळवण्याच्या खर्चातच प्रकल्प बुडतो.

क्षेत्रफळाची शर्यत

तिसरा पर्याय मॉफ, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकटी. धातूचे अणू गाठींसारखे आणि सेंद्रिय रेणू दांड्यांसारखे जोडून बांधलेला पोकळ स्फटिक. मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये या कल्पनेची सुरुवात केली, क्योटोचे सुसुमु कितागावा यांनी अशा चौकटींतून वायू आत-बाहेर जाऊ शकतो हे दाखवलं आणि ओमार याघी यांनी १९९९ मध्ये मॉफ-५ बनवलं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

मॉफ-५ च्या एका ग्रॅममधल्या पोकळ्यांचं अंतर्गत क्षेत्रफळ तीन हजार चौरस मीटरच्या घरात जातं. चमचाभर पुडीत फुटबॉलचं मैदान मावतं, ही उपमा तेव्हापासून प्रत्येक भाषणात ऐकू येते. पुढची वीस वर्षं बरीचशी या क्षेत्रफळाच्या शर्यतीत गेली. पाच हजार, सहा हजार, सात हजार. एक लाखाच्या आसपास अशा रचना आज नोंदवलेल्या आहेत. त्यातल्या कारखान्यात पोचलेल्या किती, हे मोजायला बोटं पुरतात. खुद्द मॉफ-५ दमट हवेत ठेवलं तर त्याची चौकट ढासळू लागते. मुंबईच्या जुलैत त्याचं काय होईल ते सांगायला नको.

मी त्या संशोधनाला कमी लेखत नाही. पोकळी हवी तशी आखता येते हे त्या शर्यतीतूनच कळलं, आणि काल्फ-२० त्याच ज्ञानावर उभं आहे. पण धुराड्यावर लावायच्या पदार्थाला क्षेत्रफळाची मोजपट्टी लावणं चूक होतं असं माझं स्पष्ट मत आहे. धुराड्याला चार गोष्टी हव्यात : ओल्या वायूत कार्बन डायऑक्साइड ओळखता यावा, तो थोड्या वाफेत सुटावा, वाफेने पदार्थ मरू नये आणि पदार्थ टनावारी बनवता यावा. काल्फ-२० चं क्षेत्रफळ ग्रॅममागे पाचशे चौरस मीटरच्या आसपास आहे. शर्यतीत ते पहिल्याच फेरीत बाद झालं असतं.

कॅलगरी, आणि मधे पुणे

काल्फ हे ‘कॅलगरी फ्रेमवर्क’चं लघुरूप. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटात हे काम झालं. त्याची सुरुवात २०२१ च्या बरीच आधीची. २०१० मध्ये याच गटाने ‘सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात जस्त, ऑक्झलेट आणि अमिनोट्रायझोल यांची चौकट होती, आणि तिच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइडचे रेणू नेमके कुठे बसतात हे क्ष-किरणांनी थेट पाहिलं होतं. त्या निबंधाचे पहिले लेखक रामनाथन वैद्यनाथन. ते पुढे पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत प्राध्यापक झाले, आणि २०२१ च्या काल्फ-२० वरच्या निबंधातही त्यांचं नाव आहे. पुण्यात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना हे माहीत असायला हवं. परदेशातल्या शोधाच्या बातम्या आपण वाचतो आणि त्यातला एक माणूस आपल्याच गावात, बसच्या अंतरावर शिकवत असतो.

या दोन निबंधांमधला फरक मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. २०१० च्या पदार्थात ट्रायझोलच्या कड्याला अमाइनचा गट लावलेला होता. वायूला पकडायला अमाइन हवं हा त्या वेळचा सगळ्यांचा विचार, द्रावणातला धडा घनपदार्थात नेलेला. काल्फ-२० मध्ये तो गट नाही. साधं १,२,४-ट्रायझोल, जस्त आणि ऑक्झलेट. जस्त-ट्रायझोलचे थर आणि त्यांच्यामध्ये ऑक्झलेटचे खांब. अमाइन काढल्याने पकड ढिली होणार, ही भीती असते. इथे पोकळीचा आकारच असा जुळला की कार्बन डायऑक्साइडचा रेणू चारी बाजूंनी भिंतींच्या जवळ येतो आणि कुठलाही रासायनिक बंध न होता, नुसत्या भौतिक आकर्षणाने बसतो. हातात घट्ट धरलेली वस्तू आणि खिशात नीट बसलेली वस्तू, यांत असतो तसा हा फरक.

तिन्ही कच्च्या मालांची आपल्याला घरोब्याची ओळख आहे. जस्त म्हणजे पत्र्यावरचा मुलामा. ऑक्झलेट म्हणजे ज्याच्या कॅल्शियमच्या सुयांनी अळूचं पान घशाला खाजतं आणि ज्याच्यासाठी फदफद्यात चिंच पडते, त्याच घराण्यातला पदार्थ. आणि ट्रायझोल? नाशिकचा द्राक्ष बागाईतदार भुरीवर फवारतो त्या हेक्झाकोनॅझोलसारख्या औषधांच्या रेणूत हेच कडं बसलेलं असतं. हे सांगण्यात गंमत आहेच, पण मुद्दा खरेदीचा आहे. प्रयोगशाळेत ग्रॅमवर मिळणारा, विशेष बनवून घेतलेला सेंद्रिय दांडा लागला की मॉफची किंमत चांदीच्या भावात जाते. इथे तिन्ही माल पोत्यात आणि ड्रममध्ये मिळतात.

पाण्याशी काय होतं

आता मूळ खलनायकाकडे. काल्फ-२० पाणी शोषतच नाही असं नाही. कोरड्या पदार्थावर नुसती दमट हवा सोडली तर तो पाणी घेतो. पण घेण्याची तऱ्हा वेगळी आहे. झिओलाइटमध्ये पाण्याचा पहिला रेणूच भिंतीतल्या विद्युतभाराला घट्ट चिकटतो. काल्फ-२० च्या भिंतींना पहिल्या रेणूचं फारसं अप्रूप नाही. पाण्याच्या रेणूंना आत टिकायचं तर एकमेकांचे हात धरून साखळी करावी लागते, आणि ती साखळी जमायला आर्द्रता पुरेशी चढावी लागते. कार्बन डायऑक्साइड आधीच पोकळीच्या मधोमध बसलेला असला की ही साखळी जमत नाही. ओटावाच्या टॉम वू यांच्या गटाने संगणकावर हेच करून पाहिलं आणि प्रयोगाशी ते जुळलं. निबंधाचा निष्कर्ष असा : सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर कार्बन डायऑक्साइडची सरशी होते, आणि त्याच्या असण्याने पाण्याचं शोषण दबतं.

हा ४० टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

सोडण्याचा हिशोब कागदावर करण्यासारखा आहे. काल्फ-२० मध्ये कार्बन डायऑक्साइड मोलमागे सुमारे ३९ किलोज्यूलने बसतो. एक टन वायू म्हणजे १,००० किलो भागिले ०.०४४, साधारण २२,७०० मोल. गुणिले ३९ : सुमारे ०.९ गिगाज्यूल. अमाइनच्या ८५ ने गुणलं तर १.९ गिगाज्यूल. ही नुसती बंध सोडवण्याची किंमत. पदार्थ आणि यंत्र तापवायचं, वाफ वाया जाते ती, हे सगळं वर. अमाइनच्या बाबतीत त्या वरकडीत सत्तर टक्के पाणी येतं आणि जुन्या धाटणीच्या प्लांटमध्ये एकूण खर्च टनामागे साडेतीन-चार गिगाज्यूलपर्यंत चढतो. घनपदार्थात ते पाणी नाही. पण घनपदार्थ पंपाने फिरवता येत नाही, आणि इथून पुढे प्रकरण रसायनशास्त्रज्ञाच्या हातून केमिकल इंजिनिअरच्या हातात येतं.

फिरतं चाक

नेहमीची पद्धत अशी की दोन टाक्यांत दाणे भरायचे. एक टाकी वायू धरते तेव्हा दुसरी रिकामी होते, काही तासांनी व्हॉल्व्ह उलटे फिरवायचे. एवढ्या मोठ्या धुरासाठी असं करायचं तर टाक्या अवाढव्य होतात आणि दाण्यांच्या थरातून वायू ढकलायला ब्लोअरची वीज परवडत नाही.

ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नाबी इथली स्वांते ही कंपनी, पूर्वीची इन्व्हेंटिस, वेगळ्या यंत्रावर काम करत होती. कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते याचं गणित १८९६ मध्ये मांडणाऱ्या स्वांते अऱ्हेनियस यांचं नाव तिने घेतलं आहे. यंत्राची कल्पना थोडक्यात अशी : पातळ पत्र्यांवर शोषक पदार्थ लेपायचा, पत्रे एकमेकांत बारीक फट ठेवून रचायचे आणि असे ठोकळे एका चाकात बसवायचे. चाक सावकाश फिरतं. एका भागात धूर येतो, पुढच्या भागात वाफ येऊन वायू सोडवते, त्यापुढे हवा पदार्थ थंड आणि कोरडा करते. पूर्ण फेरी मिनिटाच्या हिशोबातली. फटींतून वायू सरळ जातो, म्हणून दाब फारसा पडत नाही.

फेरी जलद असण्याचं महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने दिसेल. समजा एक किलो पदार्थ प्रत्येक फेरीत फक्त ५० ग्रॅम वायू उचलतो. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर २०० ग्रॅम. मिनिटाला एक झाली तर १,४४० फेऱ्या, ७२ किलो. म्हणजे त्याच कामाला ३६० पट कमी पदार्थ. मग क्षेत्रफळ सातशे की सात हजार याला फारसा अर्थ उरत नाही. वायू किती चटकन आत शिरतो आणि किती चटकन निघतो याला उरतो. पण ही चाल खेळायची तर पदार्थाला दिवसातून १,४४० वेळा वाफ सोसावी लागणार. साडेचार लाखांचा आकडा निबंधात का आहे, ते इथे कळतं. तो शोभेसाठी नाही. यंत्राने तो मागितला होता.

स्वांतेला यंत्र होतं आणि पदार्थ हवा होता. शिमिझूंकडे पदार्थ होता. निबंधाच्या लेखकांची यादी वाचली तर गोष्ट कळते : विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ, स्वांतेचे इंजिनिअर, जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीतला माणूस, संगणकावर रेणू चालवणारे, आणि अल्बर्टा विद्यापीठातले अरविंद राजेंद्रन, ज्यांचा विषयच शोषणाच्या प्रक्रियेचं गणित. हे लोक एकमेकांना निकाल पाठवून थांबले नाहीत, एकाच पदार्थावर एकाच वेळी बसले. आपल्याकडे मी उलटं पाहिलं आहे. पीएचडी पूर्ण होते, पदार्थ बाटलीत राहतो, बाटली कपाटात जाते, आणि दहा वर्षांनी कुणीतरी विचारतं की हा ओल्या वायूत चालतो का. उत्तर द्यायला बाटलीत पुरेसा पदार्थही नसतो. याचं मला मनापासून दुःख होतं, कारण त्या बाटल्यांतले काही पदार्थ चांगले होते.

बनवण्याची कृती एका टप्प्याची आहे. निबंधाच्या वेळी एका घाण्यात कित्येक किलो निघत होता, आणि पॉलिमरबरोबर मिसळून त्याला आकार देता येत होता. हे छोटं वाटतं; ज्याने पावडर कधी प्लांटमध्ये हाताळली आहे त्याला वाटणार नाही. पावडर उडते, तुंबते, वाहून जाते. आकार देताना पोकळ्यांची तोंडं बुजली तर पदार्थ गेला. २०२३ मध्ये बीएएसएफने जाहीर केलं की स्वांतेसाठी वर्षाला काहीशे टन या प्रमाणात हा मॉफ बनवला जातो आहे. ग्रॅमपासून टनापर्यंतचा हा प्रवास मॉफच्या जगात त्याआधी कार्बन पकडण्यासाठी कुणी केला नव्हता.

रिचमंड

व्हँकुव्हरला लागून रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या लाफार्जच्या सिमेंट कारखान्यात खऱ्या धुरावर २०२१ पासून काल्फ-२० ची चाचणी झाली. क्षमता दिवसाला साधारण एक टन. धूर खरा, धूळ खरी, आम्लं खरी. पदार्थ टिकला.

एक टन हा आकडा समोर ठेवून प्रमाण बघितलं पाहिजे. वर्षाला दहा लाख टन क्लिंकर काढणारा मध्यम कारखाना धरा. टनामागे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे वर्षाला साडेआठ लाख टन, दिवसाला २,३०० टनांहून जास्त. रिचमंडचं यंत्र त्याच्या दोन हजाराव्या हिश्शाहून लहान. मी हे चाचणीचं मोल कमी करायला सांगत नाही. खऱ्या धुरावर एक टन चालवल्याशिवाय कुणी शंभर टनांचा पैसा देत नाही, आणि देऊही नये. पण ‘मॉफने सिमेंटचा प्रश्न सोडवला’ असं लिहिणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

पकडलेल्या वायूचं करायचं काय, हा निराळा प्रश्न आहे. आइसलंडमध्ये बेसाल्ट खडकात पाण्याबरोबर सोडलेला वायू बहुतांश दोन वर्षांच्या आत दगड झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे, आणि आपला दख्खनचा पठार बेसाल्टचाच. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे ते सोडून देतो.

हेच चंद्रपुरात आणायचं झालं तर

महाराष्ट्रात सिमेंट म्हटलं की चंद्रपूर जिल्हा. गडचांदूर, आवारपूर या पट्ट्यात चुनखडी आहे, कोळसा आहे, भट्ट्या आहेत. रिचमंडचं यंत्र जसंच्या तसं उचलून इथे ठेवलं तर काय होईल, याचा मी वाफेच्या तक्त्यावरून ढोबळ हिशोब केला. वाफेचा तक्ता हाताशी असलेला कुणीही तो तपासू शकतो.

धुरात पाणी भरपूर, त्यामुळे आधी तो थंड करून पाणी गाळून टाकायचं. थंड केलेला धूर त्या तापमानाला पाण्याने संपृक्त असतो, म्हणजे आर्द्रता १०० टक्के. मग तो थोडा तापवला की पाणी तेवढंच राहतं पण सापेक्ष आर्द्रता उतरते. ती ४० टक्क्यांच्या खाली न्यायची. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यासारख्या थंड हवेत धूर २० अंशांपर्यंत उतरवता येईल असं धरू. २० अंशांना पाण्याचा बाष्पदाब २.३४ किलोपास्कल. तो ४० टक्के ठरावा यासाठी संपृक्त दाब ५.८५ हवा, म्हणजे धूर ३६ अंशांपर्यंत तापवला की झालं. ब्लोअरमधून जातानाच तो निम्मा तापेल.

चंद्रपूरचा मे महिना घ्या. पारा ४५ च्या वर. कूलिंग टॉवरचं पाणी कितीही चांगलं चालवलं तरी तिशीच्या खाली सहजी येत नाही, आणि त्या पाण्याने धूर ४० अंशांपर्यंत उतरला असं धरू. ४० अंशांना बाष्पदाब ७.३८ किलोपास्कल. ४० टक्क्यांवर यायला संपृक्त दाब साडेअठरा हवा, म्हणजे धूर जवळपास ५८ अंशांपर्यंत तापवावा लागेल. आर्द्रतेची अट पाळली गेली, पण भौतिक शोषणाचा नियम असा की तापमान चढलं की धरणं कमी होतं. ज्या ढिल्या पकडीमुळे वाफ वाचते, त्याच ढिल्या पकडीमुळे ५८ अंशांना प्रत्येक फेरीतला वायू घटतो. मग चाक मोठं करा, किंवा फेरी जलद करा, किंवा चिलर लावून धूर २५ अंशांपर्यंत उतरवा आणि विजेचं बिल भरा. तीन वाटा, तिन्हींना खर्च.

पावसाळ्यात गणित पुन्हा बदलतं. उघड्यावरचा कोळसा आणि चुनखडी भिजतात, तेच पाणी भट्टीत वाफ होऊन धुरात येतं. गाळून काढायचं पाणी वाढतं, त्या पाण्यात विरघळलेली आम्लंही वाढतात, आणि ते पाणी सोडायचं कुठे हे प्रदूषण मंडळाला आधी सांगावं लागतं. त्यात उन्हाळ्यात चंद्रपूरला पाण्याची ओढ असते, म्हणजे थंड करायला पाणी मे महिन्यात मागायचं आणि गाळलेलं पाणी जुलैमध्ये टाकायचं.

आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्यावर राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्यात मॉफ बनवणारे हात आहेत, आणि गडचांदूरला धूर आहे. पहिलं काम मोठं नाही. एका भट्टीच्या धुराड्यावर वर्षभर, तिन्ही ऋतूंत, दर तासाला चार गोष्टी नोंदवायच्या : तापमान, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि गंधकाची ऑक्साइडं. सोबत काल्फ-२० लेपलेला तळहाताएवढा एक ठोकळा त्याच धुरात ठेवायचा आणि दर महिन्याला काढून वजन करायचं. या नोंदी असल्या तर ५८ अंशांचा माझा आकडा कुठे चुकतो ते कळेल, आणि चाक केवढं लागेल ते अंदाजाने सांगावं लागणार नाही.